लगीनसराई, एडिटिंगचा ढीग आणि घर: नागपुरातले छोटे फोटोवाले कसं जमवतात?

उजेडवाली | ९ जून, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी मानेवाड्याकडे राहते. घरातल्याच पुढच्या खोलीत स्टुडिओ थाटला आहे. बारसं, डोहाळजेवण, साक्षगंध, नवजात बाळांचे फोटो आणि लहान-मध्यम लग्नं करते. नवऱ्याची नोकरी शिफ्टची, सासूबाई सोबत असतात, मुलगी यंदा दुसरीत जाईल. ऑर्डर नाहीत असं रडगाणं नाही. रडगाणं वेळेचं आहे.

लग्नाच्या दिवशी मी घरात नसणार, हे घरच्यांनी केव्हाच मान्य केलंय. त्या दिवशी भांडण होत नाही. भांडण होतं ते नंतरच्या आठवड्यात, जेव्हा मी घरात असते आणि तरी नसते. आत्ता माझ्या डेस्कटॉपवर एकाच लग्नाचे फोल्डर असे आहेत: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल मामांनी सांगितलेलं’, ‘खरंच फायनल’. मघाशी नवरीच्या मावशीचा मेसेज आला, हिरव्या साडीतला तो फोटो अर्जंट पाठवा, डीपी ठेवायचा आहे. म्हणून तर जागी आहे.

गेल्या वर्षी तान्ह्या पोळ्याला कॉलनीतली सगळी सजलेली पोरं, लाकडी बैलांसकट, माझ्या कार्डात होती. माझ्या मुलीचा बैल शेजारच्या वहिनींच्या मोबाइलमध्ये आहे.

आता देवशयनी एकादशीनंतर मुहूर्त थांबतील. आपल्याकडे उन्हामुळे शाळाही जूनच्या शेवटीच उघडतात, म्हणजे थोडी उसंत आहे. या काळात घडी नीट बसवायची आहे. तुम्ही एडिटिंग बाहेर देता का? घरात स्टुडिओ बरा की दुकान? गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणता? आणि घरचे काय म्हणतात, तेही लिहा.

बर्डीचा_बाजीराव | १० जून, सकाळी ७:१५

सोपं आहे. नवऱ्याला हेल्पर म्हणून न्या, मुलीला सासूबाईंकडे ठेवा. प्रश्न मिटला.

उजेडवाली | १० जून, सकाळी ७:४०

एकदा रिफ्लेक्टर धरायला नेलं होतं. रिफ्लेक्टरच्या सावलीत उभे राहून क्रिकेट बघत होते.

इतवारीचे_काका | १० जून, सकाळी ९:०५

पोरी, मी इतवारीत फोटोचं दुकान चालवून राहिलो, लोक रंगीत रोल म्हटला की भाव विचारत तेव्हापासून. यशिकाचा डब्बा होता, १२० चा रोल, एका रोलात बारा फोटो. लग्नात चार रोल लागले तर नवरीचा बाप म्हणे, काहून हो, येवढे कशाले? अठ्ठेचाळीस फोटोत अख्खं लग्न बसे, अन् आजही ते अल्बम लोक उघडून पाहतात.

आता तुम्ही पोट्टे एका हळदीत दोन हजार क्लिक करता अन् मंग म्हणता वेळ पुरत नाही. काढायले पैसे लागत नाहीत, पण निवडायले तर डोळे तेवढेच लागतात ना! आधी बोट आवर. नवरी एकदा हसली की एकदाच दाब. बारा वेळा दाबून ती बारापट हसत नाही.

दुसरं असं, का माह्या दुकानाले शटर होतं. आठ वाजले की खाली. घरी गेलो की गिऱ्हाइकाले मी सापडत नसे. तुमचं शटर त्या मोबाइलात आहे अन् ते कोणी पाडत नाही.

आता कोणी म्हणेल काकाचा जमाना गेला. गेलाच. दुकानात आता काय उरलं? पासपोर्ट साइज, फ्रेम अन् तेरवीचा फोटो. माणूस येतो, हातात बापाचं आधार कार्ड, म्हणतो यावरून मोठा करून द्या, दुसरा फोटोच नाही. कधी एखाद्या लग्नाच्या गर्दीतून चेहरा उचलावा लागतो, मागून कोणाचा तरी खांदा आलेला असतो, तो पुसायचा, टोपी नीट करायची. असं काम रात्री दहाले आलं तरी मी घेतो, अन् बायको काही म्हणत नाही. अर्जंट त्याले म्हणतात. डीपीले नाही म्हणत.

उजेडवाली | १० जून, सकाळी ९:३०

काका, मावशींना सकाळी पाठवला फोटो. ‘थँक्यू बेटा’ आलं, आकाश कोसळलं नाही.

कॅमेरामनची_बायको | १० जून, दुपारी २:२०

धागा दिसला आणि भाजी तशीच ठेवून लिहायला बसले.

आमच्याकडे हे फोटो काढतात, बाकीचा धंदा मी चालवते. फोन, तारखा, बयाणा, लॅबचा पाठपुरावा, अल्बमचं सिलेक्शन, उधारी. वहीत माझ्या नावाने दर महिन्याला पगार लिहिला जातो, आणि तो मिळतो. ‘घरचंच आहे’ म्हणून फुकट राबायचं मी लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी बंद केलं. हे आधी लिहिलं, कारण तुमच्या सासूबाई आणि नवरा जे करतात तेही काम आहे आणि ते कोटेशनमध्ये कुठेच धरलेलं नसणार.

उजेडवाली, तुमची गडबड घरात नाही, कोटेशनमध्ये आहे असं मला वाटतं. घरातल्या वेळा कितीही बदला, जोवर गिऱ्हाइकाला कागदावर काही सांगितलेलं नाही, तोवर तो वेळ त्याचाच.

लोक विचारतात, एका दिवसाचे एवढे? अहो, एक दिवस कुठे असतो? लग्नाचा दिवस सगळ्यात सोपा. नंतर फोटो निवडणं, रंग सारखे करणं, हायलाइटसाठी क्लिप काढणं, मिक्सिंगवाल्याकडे चकरा, डिझायनरने मामा-मामींची जोडी चुकवली म्हणून पान परत. हे सगळं धरून भाव लावा. आम्ही भाव वाढवला तेव्हा काही ऑर्डर गेल्या. मला त्याचं दुःख नाही, गेल्या त्या बहुतेक घासाघीस करणाऱ्याच होत्या.

आणि सिलेक्शन! लग्न वैशाखात. आपण पंधरा-वीस दिवसांत फोटोंची लिंक देतो. मंडळी चार-पाच महिने बघत नाहीत, कारण नवरा-नवरीला एकत्र बसायला वेळ नाही, मग सासरच्यांचा रुसवा, मग आत्याचा एकही फोटो नाही म्हणून पुन्हा सुरुवात. आणि दिवाळीच्या आठ दिवस आधी फोन: जावई दिवाळसणाला येतायत, अल्बम हवाच. त्या आठ दिवसांत सगळ्या शहराला अल्बम हवे असतात, लॅबवाला रात्रभर मशीन चालवतो आणि आमच्या घरचा फराळ बाजारातून येतो.

आमची अट आता अशी आहे. लिंक मिळाल्यापासून तीस दिवसांत फोटो निवडून द्यायचे. नाही दिले तर आम्ही निवडू, आणि त्यावर एकदाच दुरुस्ती. दसऱ्यापर्यंत सिलेक्शन आलं नाही तर अल्बम दिवाळीनंतर. सुरुवातीला हे लोकांना टोचलं. आता स्वतःहून विचारतात, वहिनी, आमचे तीस दिवस कधी संपतात?

पैशाचंही तसंच. तारीख ब्लॉक करताना बयाणा, लग्नाच्या आधी मोठा हप्ता, उरलेले पैसे फोटो देताना. शेवटचा हप्ता अल्बमवर ठेवू नका. लग्न झालं की मुलीच्या वडिलांच्या हातात काही उरत नाही, आणि त्या माणसाकडे तगादा लावायचा मलाच वाईट वाटतं.

नवरीचा_भाऊ | १० जून, दुपारी ४:१०

सगळे फोटोवालेच बोलत आहेत म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने लिहितो. आमच्या ताईच्या लग्नाचा अल्बम वर्ष उलटून गेल्यावर आला. फोटोग्राफर फोन उचलत नव्हता. उचलला की ‘लॅबमध्ये आहे’. अल्बम बघायला थांबलेली आमची आजी तोवर गेली होती. तुम्ही अटी जरूर घाला, पण त्या एकतर्फी का? आम्ही तीस दिवसांत निवडायचं, मग तुम्ही किती दिवसांत द्यायचं, ते कुठे लिहिलंय?

कॅमेरामनची_बायको | १० जून, दुपारी ४:४५

बरोबर बोललात. आम्ही लिहितो: सिलेक्शन आल्यावर पंचेचाळीस दिवस. उशीर आमचा असेल तर एक छोटी मिनी अल्बमची प्रत आमच्याकडून. आजवर एकदाच द्यावी लागली. आजीचं वाचून वाईट वाटलं.

वरातीपुढे_उलटा | १० जून, रात्री १०:३०

नाव वाचून कळलंच असेल, माझी अर्धी जिंदगी वरातीपुढे उलटं चालण्यात गेली. नंदनवनला ऑफिस आहे, घर वेगळं. मला दोन मुलं, बायको शिक्षिका.

मी काय करतो ते सांगतो, ज्याला जे घ्यायचं ते घ्यावं.

लग्नातून परत आलो की आंघोळीच्या आधी कार्ड खाली करतो. कॅमेऱ्यात दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणं चालू असतं, तरीही घरी आल्यावर दोन वेगळ्या डिस्कवर कॉपी, आणि तिसरी कॉपी आठवड्याभरात क्लाउडवर किंवा सासुरवाडीच्या कपाटात. हो, खरंच सासुरवाडीच्या कपाटात. एक कॉपी दुसऱ्या छताखाली पाहिजेच. व्हिडिओचा विचार आधी करा, १०० मेगाबिटने फोर-के शूट केलं तर तासाला साधारण ४५ जीबी होतात. दोन कॅमेरे दिवसभर चालले तर डिस्कचा खर्च कोटेशनमध्ये न धरणारा माणूस धर्मादाय काम करतोय.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाळीस-पन्नास फोटो पाठवून देतो. आई-बाबांसोबतचा, आंतरपाट पडला तो क्षण, मंगळसूत्र, भावाने कान पिळला तो, आणि सगळ्या मावश्या-आत्यांचा एक-एक चांगला. हे पन्नास गेले की महिनाभर फोन येत नाहीत. हिरव्या साडीवाल्या मावशीला डीपी मिळाला की तिला बाकीच्या दोन हजारांशी देणंघेणं नसतं. उजेडवाली, माझं ऐकायचं तर सगळं सोडून एवढं एक करा.

एडिटिंग बाहेर देतो, पण निवड कधीच बाहेर देत नाही. रंगाचं काम शिकलेला पोट्टा करू शकतो. कुठल्या फोटोत नवरीच्या वडिलांनी डोळे पुसलेत हे त्याला माहीत नसतं, तो ‘चेहरा झाकला’ म्हणून काढून टाकतो.

सोमवार-मंगळवार बंद. मुलांची शाळा असते हे खरं, पण संध्याकाळ असते. रविवार मला कधीच मिळणार नाही हे मुलांना माहीत आहे, त्यामुळे आमचा रविवार सोमवारी संध्याकाळी फुटाळ्यावर असतो. गर्दीही नसते.

एक दिवस असा आहे की कितीही पैसे दिले तरी ऑर्डर घेत नाही. पोळ्याचा दुसरा दिवस. मारबत, म्हणजे ईडापीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्यांची आपली मिरवणूक. काळी निघते १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून, आणि सोबतच्या बडग्यांवर, म्हणजे पुरुषी पुतळ्यांवर, दरवर्षी नवा राग. त्या दिवशी कॅमेरा माझा स्वतःचा असतो आणि मुलं खांद्यावर.

इतवारीचे_काका | १० जून, रात्री १०:५०

भाऊ, मारबत माह्या दुकानाच्या गल्लीतूनच जाते. पायरीवर जागा ठेवतो, पोरांले घेऊन ये.

बर्डीचा_बाजीराव | १० जून, रात्री ११:०२

यंदा घोषणा द्या: रात्री साडेअकराचे मेसेज घेऊन जा गे मारबत!

धंतोलीकर | ११ जून, सकाळी ८:२०

मी हौशी. एक विषयाबाहेरचा प्रश्न. मे महिन्यात माझ्या लेन्सच्या आत धाग्यासारखं पांढुरकं काहीतरी दिसायला लागलं. नागपूरसारख्या कोरड्या उन्हाळ्यात बुरशी कशी?

वरातीपुढे_उलटा | ११ जून, सकाळी ९:००

बॅग कुठे ठेवता? ज्या खोलीत कूलर चालतो तिथेच ना? कूलर हवा थंड करतो ती पाणी मिसळून. बाहेर कोरडं ठणठणीत असलं तरी खिडक्या लावून रात्रभर कूलर चालवलेल्या खोलीतली गादीसुद्धा सकाळी दमट लागते. बुरशीला ते आवडतं. आपल्याकडे लोक पावसाळ्यात लेन्सची काळजी घेतात आणि मे महिन्यात बॅग कूलरसमोरच्या टेबलावर ठेवतात. कूलर नसलेल्या खोलीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेल टाकून ठेवा. निळे दाणे गुलाबी झाले की कढईत मंद गरम करून पुन्हा वापरता येतात, पण ती कढई स्वयंपाकाला परत नेऊ नका आणि खिडकी उघडी ठेवा. शक्य असेल तर ड्राय कॅबिनेट घ्या, आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. आत गेलेली बुरशी मात्र दुरुस्तीवाल्याकडूनच साफ करून घ्या, आणि ती लेन्स तोवर बाकीच्यांपासून लांब.

आणि उन्हाचं. बहुतेक कॅमेरे कंपनी ४० अंशांपर्यंतच वापरायला सांगते. आपल्या लॉनवर दुपारी बाराचं लग्न म्हणजे पंचेचाळीस. फोर-के चालू ठेवला की कॅमेरा तापून बंद पडतो. नेमका मंगलाष्टकांत पडू नये म्हणून दोन कॅमेरे आलटून पालटून चालवतो, आणि रिकामा असलेला ओल्या नाही, कोरड्या पांढऱ्या पंचाखाली ठेवतो.

हिशोबनीस | ११ जून, दुपारी १:१५

या धाग्यावर पैशाचं बोलणं निघालंच आहे तर व्यवसायाने करसल्लागार म्हणून थोडं.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा आपल्या राज्यात वर्षाला २० लाख उलाढाल. उलाढाल, नफा नाही. फोटोग्राफीवर दर १८ टक्के. त्यामुळे सतरा-अठरा लाखांवर पोचलात की पुढच्या सीझनचे भाव आत्ताच विचार करून लावा. लग्नाच्या गिऱ्हाइकाला जीएसटी परत मिळत नाही, तो वरून लावला की भांडण ठरलेलं. नागपूरवाल्यांना एक भीती असते की छिंदवाडा, शिवनी, राजनांदगाव अशी दुसऱ्या राज्यातली ऑर्डर घेतली की नोंदणी सक्तीची होते. सेवा देणाऱ्यांना तसं नाही, तिथेही २० लाखांचीच सूट आहे. मालाची गोष्ट वेगळी.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर आधारवरून होते आणि फुकट आहे. त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटींपासून दूर राहा. कायद्यातल्या मर्यादेपेक्षा कमी माणसं कामाला असतील तर दुकान-आस्थापना कायद्याखाली परवाना लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यायची असते. कॅमेऱ्यासाठी कर्ज हवं असेल तर सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशू गट ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत. बँकेला मागच्या ऑर्डरींची बिलं दाखवता आली पाहिजेत, म्हणून बयाणासुद्धा पावती देऊन घ्या.

आता एक गोष्ट जी फोटोवाल्यांना आवडत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ बघा. कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा असतो, काढणारा नाही. म्हणजे बाळाचा फोटो तुम्ही इन्स्टाग्रामवर टाकायचा तर आई-वडिलांची लेखी परवानगी कोटेशनमध्येच घ्या. व्हॉट्सॲपवरचा अंगठा नको, स्पष्ट वाक्य हवं.

मोबाइलवाला_भाऊ | ११ जून, दुपारी ३:३०

एवढं सगळं कशाला? आजकाल चांगल्या फोनने लग्न होतं.

इतवारीचे_काका | ११ जून, दुपारी ३:४१

होते ना बाप्पा. मंग फोन हरवला की माह्याकडं येतात, म्हणतात काका, आमच्या लग्नाचा एखादा फोटो तुमच्याकडं असन काय.

उजेडवाली | १३ जून, रात्री ९:१०

उशिरा लिहिते आहे, पण साडेअकराला नाही, नऊला! तुमचं सगळं वाचून दाखवलं घरी.

सासूबाईंनी जे सांगितलं ते मला कधी कळलंच नसतं. त्यांना माझ्या रात्रीच्या कामाचा त्रास नाही, दुपारच्या माणसांचा आहे. घरात स्टुडिओ म्हणजे कोणीही कधीही येतं, फोटो निवडायला म्हणून सहा जण येतात, ‘इथून जातच होतो’ म्हणून येतात, आणि चप्पल काढून बैठकीत बसलं की ते गिऱ्हाईक राहत नाही, पाहुणे होतात. मग चहा. मे महिन्यात चहा नाही तर पन्हं. त्या म्हणाल्या, “तुझ्या अल्बमपेक्षा माझे कप जास्त धुतले गेले यंदा.” नवरा हसला, मी नाही हसले.

म्हणून पहिला बदल हा: निवड ऑनलाइन, आणि प्रत्यक्ष यायचंच असेल तर सकाळी अकरा ते एक, वेळ ठरवून, दोनच माणसं. पुढच्या खोलीला बाहेरून वेगळं दार काढता येतं का ते मिस्त्रीला विचारलं आहे. दुकानाचं भाडं सध्या परवडणार नाही, आणि खरं सांगायचं तर मुलगी शाळेतून येते तेव्हा मला घरात असायला आवडतं.

नवजात बाळांचं काम मात्र मी स्टुडिओतून काढून टाकते आहे. त्यातला गोंधळ बाहेरच्यांना कळत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत बाळ गाढ झोपतं, तेव्हाच ते गुंडाळलेले, मुटकुळं केलेले फोटो होतात. पण आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना बाहेर पडत नाही, आणि ती असते माहेरी. मग यायला जमतं तोवर बाळ सव्वा महिन्याचं, टक्क जागं, आणि कपड्यात बांधलं की किंचाळतं. शिवाय उघड्या बाळाला खोली उबदार लागते, म्हणजे कूलर बंद, दारं बंद, मी, आई, दोन्ही आज्या घामाघूम, मध्येच दूध, मध्येच शी. तीन-चार तास जातात आणि घरातल्या एका खोलीत कुणाला पाय ठेवता येत नाही. आता मीच त्यांच्या घरी जाणार, सकाळी, खिडकीच्या उजेडात. काल एकीकडे तसं केलं. सामान अर्धं लागलं. बाळाच्या आजीने पायावर घेऊन तेल लावताना जे फोटो आले, ते माझ्या टोपल्या-फुलांच्या फोटोंपेक्षा शंभरपट खरे आहेत.

कॅमेरामनची_बायको | १३ जून, रात्री ९:२५

तुमच्या सासूबाईंना माझा नमस्कार. त्यांच्या चहाचे पैसे कोटेशनमध्ये धरा.

वरातीपुढे_उलटा | १३ जून, रात्री ९:५०

ड्रोनचा मुद्दा राहिला. वर्धा रोडकडच्या लॉनवरची लग्नं घेत असाल तर आधीच सांगून टाका. विमानतळ सोनेगावला, शहरातच आहे, तिथला बराच पट्टा लाल क्षेत्रात येतो, म्हणजे परवानगीशिवाय ड्रोन उडवायचा नाही. सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलचा नकाशा गिऱ्हाइकाच्या समोर उघडायचा, वाद आपोआप संपतो. नाहीतर लग्नाच्या दिवशी मामा म्हणतात, अहो दोनच मिनिटं उडवा.

उजेडवाली | १४ जून, सकाळी ८:३०

हे लिहून काढलंय. आजपासून प्रत्येक कोटेशनखाली जाणार. वाचून सांगा.

“तारीख बयाणा मिळाल्यावरच राखली जाईल. दुसरा हप्ता कार्यक्रमाआधी, उरलेली रक्कम सगळे फोटो देताना. कार्यक्रमानंतर दोन दिवसांत पन्नास फोटो, वीस दिवसांत सगळे. अल्बमसाठी निवड तीस दिवसांत द्यावी, न दिल्यास निवड आम्ही करू. निवड मिळाल्यावर पंचेचाळीस दिवसांत अल्बम. उशीर आमच्याकडून झाल्यास मिनी अल्बम भेट. दुरुस्ती एकदा. फोन व मेसेज सकाळी दहा ते संध्याकाळी सात, सोमवारी बंद. घरी येण्यापूर्वी वेळ ठरवावी. तुमचे फोटो आम्ही समाजमाध्यमांवर वापरावेत का: हो / नाही, सही. ड्रोन फक्त परवानगी असलेल्या क्षेत्रात.”

नवरीचा_भाऊ | १४ जून, सकाळी ९:०५

गिऱ्हाईक म्हणून मला चालेल. अल्बमची तारीख ठळक अक्षरात टाका.

हिशोबनीस | १४ जून, सकाळी ९:४०

कार्यक्रम रद्द झाला किंवा पुढे ढकलला तर बयाण्याचं काय, तेही लिहा. साक्षगंध मोडल्यावर बयाणा परत मागायला येतात तेव्हा कोणाचीच बोलायची मनःस्थिती नसते.

इतवारीचे_काका | १४ जून, सकाळी १०:१५

सगळं बरोबर आहे, जेवण राहिलं. तुह्यासोबत जो हेल्पर येतो, लाइट धरणारा पोट्टा, त्याले पंगत उठेपर्यंत कोणी विचारत नाही. चार वाजेपर्यंत उपाशी उभा राहते, मंग लाइट हलते अन् फोटो तुहा बिघडते. लिही, का आमच्या माणसांचं जेवण नवरदेवाकडच्या पंगतीच्या आधी.

उजेडवाली | १४ जून, सकाळी १०:३२

लिहिलं काका, दोन्ही मुद्दे टाकले. पहिलं कोटेशन तुळशीच्या लग्नानंतरच्या एका तारखेचं आहे, आत्ताच पाठवलं. मुलीच्या वडिलांनी उलट विचारलंय की जेवणात सावजी चालेल का.